हार्ट फेल्युअर आणि एक्झोसोममधले मायक्रोआरएनए: पुण्यात प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी रक्ताच्या ट्यूबपासून आलेखापर्यंत

एमएस्सी किंवा पीएचडीसाठी ‘हार्ट फेल्युअरमधले एक्झोसोमल मायक्रोआरएनए’ हा विषय घेणारी मुलंमुली पुण्यात बरीच भेटतात. कागदावर विषय सरळ दिसतो. रुग्णाचं रक्त घ्यायचं, किट वापरून एक्झोसोम वेगळे करायचे, आरएनए काढायचा, क्यूपीसीआर (आरएनए किती आहे हे मोजणारी पीसीआर चाचणी) लावायचा आणि दोन रंगांच्या खांबांचा आलेख काढून वर ‘फरक सिग्निफिकंट’ सांगणारा तारा लावायचा. व्हायवात मात्र परीक्षक एकच प्रश्न विचारतात आणि गाडी तिथेच अडते: “हा मायक्रोआरएनए एक्झोसोमच्या आत होता हे कशावरून?”

या प्रश्नाचं उत्तर शेवटी शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण त्याची तयारी रक्त काढण्याच्या आधीपासून करावी लागते. हा लेख त्या तयारीबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा छोटासा आरएनए. तो मेसेंजर आरएनएला चिकटतो आणि प्रथिन तयार होणं कमी करतो. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला आणि त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. एक्झोसोम म्हणजे पेशीच्या आतल्या बहुपुटिकांमध्ये तयार होऊन बाहेर सोडले जाणारे, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे पडदाबंद कण. त्यांच्यात मेसेंजर आरएनए आणि मायक्रोआरएनए असतात आणि ते दुसऱ्या पेशीत पोचू शकतात, हे २००७ मध्ये स्वीडनमधल्या गटाने दाखवलं. तिथून या विषयाची लाट सुरू झाली.

हृदयाशी या सगळ्याचा संबंध काय, याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत नुसता ‘वाढला-कमी झाला’ असा हिशोब नाही, पूर्ण साखळी दाखवलेली आहे. पहिलं २०१४ चं, जर्मनीतलं. हृदयातल्या फायब्रोब्लास्ट पेशी मिर-२१-३पी (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) भरलेले एक्झोसोम सोडतात, ते स्नायूपेशी आत घेतात आणि फुगतात. हा मिर-२१ चा दुसरा धागा आहे. पेशी तो मोडून टाकते असं पूर्वी मानलं जायचं, पण इथे तोच काम करताना दिसला. त्याची लक्ष्यं, म्हणजे सॉर्ब्स-२ आणि पीडीलिम-५ ही प्रथिनं, ओळखली गेली आणि उंदरांमध्ये तो अडवल्यावर हृदयाची वाढ कमी झाली. दुसरं २०१३ चं, बाळंतपणाच्या आसपास होणाऱ्या कार्डिओमायोपॅथीचं. प्रोलॅक्टिनच्या १६ किलोडाल्टनच्या तुकड्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी मिर-१४६ए भरलेले एक्झोसोम सोडतात आणि त्यांचा स्नायूपेशींवर वाईट परिणाम होतो.

निदानाच्या बाजूने, जपानमधल्या गटाने २०१३ मध्ये हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांच्या सीरममध्ये मिर-१९२, मिर-१९४ आणि मिर-३४ए पाहिले. पुढच्या वर्षभरात ज्यांना हार्ट फेल्युअर झालं त्यांच्यात हे तिन्ही जास्त होते आणि ते प्रामुख्याने कणांच्या अंशात सापडले. मिर-४२३-५पी चं नाव तुम्हाला जागोजागी दिसेल, पण २०१० चं ते गाजलेलं काम साध्या प्लाझ्मावरचं आहे, एक्झोसोमवरचं नाही. संदर्भ देताना हा फरक बहुतेक जण विसरतात.

आता अडचणीची बाजू. २०११ मध्ये दोन गोष्टी समोर आल्या. प्लाझ्मातल्या मायक्रोआरएनएचा बराच मोठा वाटा कणांमध्ये नसतोच, तो आर्गोनॉट-२ या प्रथिनाला चिकटून फिरत असतो. आणि काही मायक्रोआरएनए चक्क एचडीएलवर, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या लिपोप्रोटीन कणावर, बसून प्रवास करतात. पुढे २०१४ मध्ये मोजदाद झाली तेव्हा सरासरी एका एक्झोसोममागे एखाद्या मायक्रोआरएनएचा एक रेणूसुद्धा भरला नाही. म्हणजे तुमच्या ट्यूबमध्ये एक्झोसोमसोबत थोडा जरी प्रथिनांचा गाळ आला, तरी पीसीआरमधला सिग्नल त्या गाळाचा असू शकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका शंकेभोवती आखलेल्या आहेत.

प्रश्न आणि रुग्ण ठरवणं

हार्ट फेल्युअर हा एक आजार नाही. डाव्या जवनिकेचा इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ, म्हणजे एका ठोक्यात जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं) ४० टक्के किंवा त्याखाली, ४१ ते ४९, आणि ५० किंवा त्यावर असे तीन गट आहेत आणि शेवटच्या गटाची कारणं पहिल्यापेक्षा बरीच वेगळी असतात. तिन्ही एकत्र करून ‘रुग्ण’ असं लेबल लावलं तर काहीही बाहेर येऊ शकतं. छोट्या प्रोजेक्टसाठी एकच गट घ्या. आपल्याकडे अटॅकनंतर पंपिंग कमी झालेले, ईएफ चाळीसच्या खाली असलेले रुग्ण सगळ्यात सहज मिळतात.

तुलनेच्या गटासाठी हॉस्टेलवरच्या बाविशीतल्या मित्रांचं रक्त घेऊ नका. भारतात हार्ट फेल्युअरचे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयाचे असले, तरी तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत त्यांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं आणि बहुतेकांच्या मागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. तेव्हा तुलनेला त्याच वयाची, मधुमेह, रक्तदाब आणि क्रिएटिनिन जवळपास सारखं असलेली, पण पंपिंग चांगलं असलेली माणसं हवीत. अशी माणसं कार्डिओलॉजीच्या ओपीडीतच भेटतात. टूडी इको करायला आलेल्या आणि रिपोर्ट ठीक निघालेल्या लोकांना विचारा.

औषधांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सवर काम करतात आणि प्लाझ्मातल्या मिर-१२६, मिर-२२३ सारख्या मायक्रोआरएनएचा मोठा भाग प्लेटलेट्समधून येतो. तुमच्या रुग्णांपैकी जवळपास प्रत्येक जण ॲस्पिरिनवर असणार आणि तुलनेच्या गटातले थोडेच. मग दिसलेला फरक हृदयाचा की गोळीचा? वॉर्डातल्या रुग्णाला हेपॅरिन सुरू आहे का, शेवटचा डोस कधी दिला, हे नर्सच्या चार्टवरून वेळेसह उतरवून घ्या. हेपॅरिन पीसीआर अडवतं. म्हणून हिरव्या झाकणाची (हेपॅरिनची) ट्यूब तर नकोच, पण रुग्णाच्या अंगातलं हेपॅरिनही तेवढाच घोळ घालतं. डोसच्या आधी रक्त घ्या आणि तरीही शंका असेल तर आरएनएवर हेपॅरिनेजची प्रक्रिया करा.

परवानगी

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एक थेंबही नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. नमुना किती वर्षं ठेवणार आणि पुढे दुसऱ्या संशोधनासाठी वापरणार का, हे संमतीपत्रात वेगळं विचारावं लागतं. संमतीपत्र मराठीत असावं आणि ते आधी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्यावं. ‘बाह्यपेशीय पुटिका’ लिहाल तर ते चष्मा काढून ठेवतील. ‘रक्तातले अतिसूक्ष्म कण’ पुरतं.

वॉर्डात एक प्रश्न हमखास येतो.

“ताई, ह्याचा रिपोर्ट कधी मिळायचा?”

“काका, ह्याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही. हे संशोधनासाठी आहे, तुमच्या उपचारात यानं काही बदलणार नाही. नाही म्हणालात तरी चालेल, डॉक्टर तुम्हाला तेवढंच बघतील.”

हे असंच, याच क्रमाने सांगा. शेवटचं वाक्य गाळू नका.

रक्त काढल्यानंतरचे दोन तास

माझ्या मते प्रोजेक्टचा निम्मा निकाल इथेच लागतो आणि बहुतेक प्रबंधांत यावर जेमतेम दोन ओळी असतात.

रक्त सकाळी, नाश्त्याआधी घ्या. खाल्ल्यानंतर रक्तात कायलोमायक्रॉन, म्हणजे चरबी वाहणारे कण, येतात आणि ते आकाराने एक्झोसोमच्या पंक्तीत बसतात. ओपीडीतले काका पोहे-चहा करूनच येतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र उपाशी ठेवायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही.

सुई २१ गेजची. टूर्निकेट फार वेळ आवळून ठेवू नका. पहिली ट्यूब बाजूला ठेवा, दुसरी तुमची. ईडीटीए किंवा सायट्रेट, कोणतंही एक ठरवा आणि सगळ्यांसाठी तेच वापरा. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, हलवू नका, बर्फात खुपसू नका. थंडीने प्लेटलेट्स चाळवतात आणि स्वतःचे कण सोडायला लागतात. हॉस्पिटलच्या न्यूमॅटिक ट्यूबमधूनही नमुना पाठवू नका, हातात न्या.

आता पुण्याचा प्रश्न. हॉस्पिटल रास्ता पेठेत किंवा स्टेशनजवळ आणि लॅब पाषाणला किंवा विद्यापीठात, अशी परिस्थिती नेहमीची. ट्यूब सॅकमध्ये टाकून दुचाकीवरून निघायचं, गणेशखिंड रस्त्यावर अडकायचं, विद्यापीठ चौकात आणखी अडकायचं आणि लॅबमध्ये पोचल्यावर सेंट्रिफ्यूज दुसऱ्याने बुक केलेलं असायचं. तोपर्यंत लाल पेशी फुटून प्लाझ्मा गुलाबी झालेला असतो. त्यामुळे अख्खं रक्त घेऊन शहरभर फिरू नका. हॉस्पिटलच्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजची वेळ मागून घ्या आणि प्लाझ्मा तिथेच वेगळा करा.

पद्धत अशी. खोलीच्या तापमानाला २,५०० जी वर १५ मिनिटं. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बळ, मिनिटाचे फेरे (आरपीएम) नाही. रोटरची त्रिज्या बघून गणित करा. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर सोडून द्या. चार थेंब जास्त मिळवण्याच्या मोहात पिपेटचं टोक खाली गेलं की प्लेटलेट्स वर आल्याच. तो प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये घेऊन पुन्हा २,५०० जी वर १५ मिनिटं फिरवा आणि तळाचे शंभरेक मायक्रोलिटर सोडून द्या. ही दुसरी फेरी गाळली तर उरलेल्या प्लेटलेट्स गोठवताना फुटतात आणि त्यांचे तुकडे पुढे ‘एक्झोसोम’ म्हणून मोजले जातात.

मग रंग बघा. ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरा, गवती पिवळा असेल तर ठीक. गुलाबी झाक डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा. ०.२ च्या वर गेलं तर नमुना संशयित. त्याहून पक्की खूण पीसीआरमध्ये मिळते. मिर-४५१ए लाल पेशींत भरपूर असतो, मिर-२३ए-३पी वर रक्त फुटण्याचा फारसा परिणाम होत नाही. सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत सिग्नल दिसला तो आकडा; माल जास्त तर सीटी कमी. मिर-२३ए च्या सीटीमधून मिर-४५१ए चा सीटी वजा करा. उत्तर पाचच्या खाली असेल तर निर्धास्त राहा, सातच्या वर गेलं तर नमुना बाद. मधल्यांचं काय करायचं ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा.

प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. एक ट्यूब एकदाच वितळवायची. पाषाणला न्यायचा असेल तर ड्राय आइसमध्ये. आणि डीप फ्रीझरला जनरेटरचा बॅकअप आहे ना, हे आधी विचारा. गुरुवारी वीज जाणं पुण्यात कुणाला नवीन नाही. लॅबमधल्या फ्रीझरला ते कुणी सांगितलेलं नसतं.

एक्झोसोम वेगळे करणं

पद्धती बऱ्याच आहेत, परिपूर्ण एकही नाही. किटमधली पॉलिइथिलीन ग्लायकॉलने साका बसवायची पद्धत सगळ्यात सोपी, पण तिच्यात प्रथिनं, लिपोप्रोटीन, आर्गोनॉट सगळंच खाली बसतं. आपला मूळ प्रश्नच ‘आत की बाहेर’ हा असल्यामुळे या कामासाठी मी ती घेणार नाही. अल्ट्रासेंट्रिफ्यूज, १,००,००० जी वर तास-दोन तास, ही जुनी रीत. पेलेट मिळतो, पण कण एकमेकांना चिकटतात, आणि निष्पत्ती रोटरवर आणि करणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते.

प्लाझ्मासाठी साइझ एक्सक्लूजन कॉलम बरा. अर्धा मिलिलिटर प्लाझ्मा वर सोडायचा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे अंश गोळा करायचे. कण आधी येतात. अल्ब्युमिन, आर्गोनॉट आणि एचडीएल मागून. प्रत्येक अंशात प्रथिन किती आणि कण किती, हे पहिल्या कॉलमवर स्वतः मोजून ठरवा, कंपनीच्या पत्रकावर विसंबू नका. कॉलमने एचडीएल जातं, पण एक्झोसोमच्याच आकाराचे व्हीएलडीएल (हेही लिपोप्रोटीन) आणि कायलोमायक्रॉन राहतात. घनतेच्या ग्रेडियंटमध्ये नेमकं उलटं होतं, व्हीएलडीएल वर तरंगतं आणि एचडीएल एक्झोसोमसोबत बसतं. वेळ आणि पैसा असेल तर दोन्ही एकामागून एक करा. नसेल तर कॉलम करा आणि काय उरलं ते कबूल करा.

बफर ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. आणि प्लाझ्माऐवजी नुसता बफर घातलेला एक कॉलम शेवटपर्यंत चालवा, अगदी पीसीआरपर्यंत. त्या कोऱ्या नमुन्यात सीटी ३४ आला तर तुमच्या रुग्णाचा ३३ कशाचा आहे, याचा विचार करा.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि कण मोजणारं यंत्र स्वतःच्या कॉलेजात असेलच असं नाही. विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस, पाषाणचं आयसर आणि एनसीएल, अशा ठिकाणी बाहेरच्यांसाठी काय सोय आहे ते गाईडच्या पत्रासह आधी विचारा. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवरही देशभरातली उपकरणं शोधता येतात.

आत आहे की बाहेर, याचा पुरावा

बाह्यपेशीय पुटिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची (आयएसईव्ही) मिसेव्ह मार्गदर्शिका, २०२३ ची ताजी आवृत्ती, टेबलावर ठेवा. कण नेमके कुठल्या मार्गाने बाहेर आले ते दाखवता येत नसेल तर त्यांना ‘छोट्या बाह्यपेशीय पुटिका’ म्हणा, असं ती सुचवते. प्रबंधाच्या शीर्षकात एक्झोसोम हवंच असेल तर निदान पद्धतीच्या प्रकरणात हे स्पष्ट करा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन ओळखण्याची चाचणी) पडद्यावरच्या सीडी-९, सीडी-६३, सीडी-८१ पैकी दोन आणि आतलं एखादं, टीएसजी-१०१ किंवा ॲलिक्स. त्याच जेलवर नको असलेलंही दाखवा: अपोए-१, अपोबी (लिपोप्रोटीनच्या खुणा), अल्ब्युमिन. हे थोडे दिसणारच, लपवू नका. कण मोजणाऱ्या यंत्राला लिपोप्रोटीन आणि एक्झोसोम यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तिथला भला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. मायक्रोस्कोपखाली कपासारखे आकार दिसतात, ते वाळवल्यामुळे. खरे कण गोलच असतात.

यानंतरचा प्रयोग मात्र कुणीही गाळू नये. एका नमुन्याचे चार भाग करा. पहिल्याला काही करू नका. दुसऱ्यात नुसतं आरएनेज-ए, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम. तिसऱ्यात आधी प्रथिनं तोडणारं प्रोटीनेज-के, मग ते निष्क्रिय करून आरएनेज-ए. चौथ्यात ट्रायटन एक्स-१०० घालून पडदा फोडायचा आणि मग तिसऱ्यासारखंच. आर्गोनॉटला चिकटलेला मायक्रोआरएनए दुसऱ्या भागात बराचसा टिकतो, कारण प्रथिन त्याला झाकून ठेवतं, आणि तिसऱ्यात गळतो. पडद्याच्या आतला तिसऱ्यातही टिकतो आणि चौथ्यातच जातो. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्यातलं अंतर हाच तुमचा एक्झोसोमचा वाटा. प्रोटीनेज निष्क्रिय करायला विसरलात तर ते आरएनेजलाच खाऊन टाकेल आणि सगळं ‘आत’ असल्यासारखं दिसेल. हा प्रयोग प्रत्येक रुग्णावर करायची गरज नाही. दोन्ही गटांतल्या काही नमुन्यांवर आणि तुम्ही निवडलेल्या प्रत्येक मायक्रोआरएनएसाठी करा, कारण एक आत असला म्हणून दुसरा असेलच असं नाही.

आरएनए आणि क्यूपीसीआर

आरएनए इतका कमी निघतो की नॅनोड्रॉप या प्रकाशशोषणावरून आरएनए मोजणाऱ्या यंत्रावरच्या आकड्याला अर्थ नसतो. त्यामुळे नॅनोग्रॅम मोजून घालण्याऐवजी सगळ्यांचं ठरावीक आकारमान घाला. लायसिस बफर (कण फोडणारं द्रावण) घातल्यावर, आधी नाही, सेल-मिर-३९ हा कृमीचा कृत्रिम मायक्रोआरएनए ठरावीक प्रमाणात टाका. आधी टाकलात तर प्लाझ्मातलं आरएनेज तो संपवून टाकेल.

यू-६ हा पेशीतला छोटा आरएनए तुलनेचा संदर्भ म्हणून वापरू नका, प्लाझ्मात तो भरवशाचा नाही. मिर-१६ सुद्धा लाल पेशींतून येतो, त्यामुळे किंचित फुटलेला नमुना सगळं गणित फिरवतो. आधी थोड्या नमुन्यांवर आठ-दहा उमेदवार तपासून दोन्ही गटांत स्थिर असलेले दोन-तीन निवडा. सेल-मिर-३९ फक्त आरएनए काढण्यातला फरक भरून काढतो, तेवढंच त्याचं काम. ३५ च्या पुढच्या सीटीवर निष्कर्ष बांधू नका.

एक निर्णय बहुतेक जण न कळत घेतात: उत्तर प्लाझ्माच्या मिलिलिटरमागे द्यायचं की कणामागे? हार्ट फेल्युअरमध्ये कणांची संख्याच बदलू शकते. कण दुप्पट झाले आणि आतला माल तेवढाच राहिला, तरी मिलिलिटरमागे मायक्रोआरएनए दुप्पट दिसेल. निदानासाठी ते चालेल. पण ‘पेशी जास्त मिर-२१ भरून पाठवतेय’ असं म्हणायचं असेल तर चालणार नाही.

आकड्यांचा अर्थ लावताना

पंचवीस मायक्रोआरएनए तपासले आणि दोन ‘सिग्निफिकंट’ निघाले तर आधी बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती (बऱ्याच चाचण्यांतून योगायोगाने निघणारे निकाल आवरणारी) लावा, मग बोला. आरओसी (चाचणी रुग्ण किती अचूक ओळखते तो आलेख) काढायचा असेल तर शेजारी एनटी-प्रोबीएनपी ही हार्ट फेल्युअरची नेहमीची रक्ततपासणी ठेवा. ती तपासणी पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते आणि ओपीडीतल्या रुग्णासाठी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हा उंबरठा ठरलेला आहे. तुमचा मायक्रोआरएनए तिच्यात काही भर घालतो का, हे दाखवा. निरोगी लोकांपासून हार्ट फेल्युअर ओळखून दाखवण्यात विशेष काही नाही. ते पायावरची सूज बघून आजीसुद्धा ओळखते.

आणि कण हृदयातूनच आलाय असं गृहीत धरू नका. रक्तातले बहुतेक कण प्लेटलेट्स आणि रक्तपेशींचे असतात. मिर-२०८ए चा जीन हृदयाच्या मायोसिन जीनच्या पोटातच बसलेला आहे, त्यामुळे तो सापडला तर दिशा कळते, पण प्लाझ्मात तो अत्यंत कमी असतो. मिर-२१ जवळपास सगळीकडे असतो. मिर-१२२ वाढलेला दिसला तर यकृताकडे बघा, उजव्या बाजूचं हृदय थकलं की यकृतात रक्त तुंबतंच.

उपचाराच्या बाजूबद्दल थोडंच, कारण सांगण्यासारखं अजून थोडंच आहे. मिर-१३२ अडवणारं सीडीआर-१३२-एल हे औषध २८ रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीतून पुढे गेलं, त्याचे निष्कर्ष २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. पण ते इंजेक्शनने दिलेलं अँटिसेन्स औषध आहे, त्यात एक्झोसोम नाहीत. ‘एक्झोसोम थेरपी’च्या जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात, आणि तुम्ही या विषयावर काम करता हे कळल्यावर वॉर्डातल्या रुग्णाचा एखादा मुलगा हमखास विचारतो, “मॅडम, बाबांना ते एक्झोसोमचं सलाइन लावून घेऊ का?” अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच अशा उत्पादनांविरुद्ध लोकांना सावध केलं होतं, आणि हार्ट फेल्युअरसाठी असं कुठलंही मान्यताप्राप्त उत्पादन नाही. त्याला तसं स्पष्ट सांगा. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांचं आयुष्य वाढवतात हे सिद्ध झालेले चार प्रकारच्या औषधांचे गट आहेत. ती औषधं डॉक्टरांनी लिहून दिलीत का आणि बाबा ती रोज घेतात का, हे त्याला विचारा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायला सांगा, आणि तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायला सांगा.